स्वामी कुवलयानंद

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी तळेगाव आणि कामशेत मागे टाकून मावळच्या आतल्या भागात शिरली, की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात. मळवलीच्या एका अंगास कार्ल्याची लेणी आहेत, तर दुसऱ्या अंगास भाजे येथील लेणी आणि त्यांच्या माथ्यावर लोहगड व विसापूर. पावसाळ्यात इंद्रायणीच्या काठची भातखाचरे पाण्याने तुडुंब भरलेली असतात. त्यानंतर लोणावळा येते आणि तेथून पुढे घाट सुरू होतो. थंड हवेसाठी आणि चिक्कीसाठी या गावी थांबणारे प्रवासी पुष्कळ असतात. परंतु मनुष्याच्या शरीराचे कोडे उलगडण्यासाठी एक गृहस्थ येथे येऊन राहिले होते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ते ना डॉक्टर होते, ना वैद्य. संस्कृत भाषेत नैपुण्य मिळविलेले ते एक शिक्षक होते. स्वामी कुवलयानंद या नावाने पुढे जगास परिचित झालेले ते गृहस्थ म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे.

जगन्नाथाचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते, आईचे नाव सरस्वती. घरची स्थिती इतकी बेताची की, कुटुंबास प्रसंगी इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागे. अशा घरातील मुलास पुढे शिकावयाचे तर गुणांच्या बळावरच शिकणे भाग होते. १९०३ साली जगन्नाथ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि संस्कृतात सर्वोच्च यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने पटकाविली. त्या शिष्यवृत्तीमुळे बडोदे कॉलेजचे दार त्याच्यासाठी उघडले.

त्या वेळी बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. शाळा, ग्रंथालये, आखाडे यांनी ते नगर गजबजलेले असे. तरुण अरविंद घोष तेथील कॉलेजात अध्यापक होते, आणि लोकमान्य टिळकांचे विचार घरोघरी पोहोचले होते. या दोघांच्या प्रभावाने जगन्नाथाच्या मनात देशसेवेची ओढ उत्पन्न झाली. आजन्म ब्रह्मचारी राहून लोकांची सेवा करावयाची असा निश्चय त्याने विद्यार्थिदशेतच केला. परंतु त्याच्या आयुष्यास खरे वळण लागले ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत. तेथे राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात त्याने भारतीय व्यायामाचे रीतसर शिक्षण घेतले. लाठी, मल्लखांब, कुस्ती यांत तरबेज असलेले माणिकराव शरीर कमाविण्याबरोबर शरीर ओळखण्यावरही भर देत. निखळलेले सांधे बसविण्यात आणि मोडलेली हाडे जुळविण्यात त्यांचा हातखंडा होता. कोणता स्नायू कोठून निघतो, कोणत्या सांध्यास किती ताण सोसतो, हे आखाड्याच्या मातीत जितके चांगले समजते तितके पुस्तकात क्वचितच समजते, हे मी स्वतः शाळेत व्यायामाचे तास घेताना अनुभवले आहे.

पदवी संपादन केल्यावर गुणे शिक्षक झाले. पुढे खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. नंतरच्या काळात ज्या गावी साने गुरुजी शिक्षक म्हणून आले, तेच हे अमळनेर. तेथील राष्ट्रीय वृत्तीच्या महाविद्यालयाचे ते प्राचार्यही झाले. परंतु त्या संस्थेत वाढणारा राष्ट्रप्रेमाचा जोर परकीय सरकारला मानवला नाही, आणि १९२० साली ते महाविद्यालय बंद पडले.

याच काळात, १९१९ साली, त्यांची परमहंस माधवदास या योग्यांशी भेट झाली. माधवदासजी मूळचे बंगालचे. पुष्कळ वर्षे भ्रमण करून ते नर्मदेच्या काठी मालसर येथे स्थायिक झाले होते. त्यांच्यापाशी गुणे यांनी आसने, प्राणायाम आणि शरीरशुद्धीच्या योगक्रिया शिकून घेतल्या. गुरूंचा सहवास फार काळ लाभावयाचा नव्हता. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. परंतु तेवढ्या अवधीत शिष्याच्या मनात एक प्रश्न रुजला, आणि तो पुढे जन्मभर त्याच्या सोबतीस राहिला. या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत नेमके काय घडते?

आज हा प्रश्न आपल्याला साधा वाटेल. त्या काळी तो तसा नव्हता. योगी लोक या विद्या गुप्त ठेवीत आणि निवडक शिष्यांनाच शिकवीत. सामान्य लोक योगाकडे चमत्कार म्हणून पाहत, तर पुष्कळसे शिकलेले लोक त्याला भोंदूपणा समजत. चमत्कार म्हणणाऱ्यांना परीक्षेची गरज वाटत नव्हती, आणि भोंदूपणा म्हणणाऱ्यांनाही ती वाटत नव्हती. गुणे यांना दोन्ही मते मान्य नव्हती. आपण जे गुरूंपाशी शिकलो ते लाभदायक आहे अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु ती श्रद्धा यंत्रांसमोर उभी केली पाहिजे असेही त्यांना वाटत होते. यात धोका होताच. परीक्षा घ्यावयाची म्हटले म्हणजे नापास होण्याची तयारी ठेवावीच लागते, आणि येथे परीक्षेस बसणार होती ती त्यांच्या प्रत्यक्ष गुरूंची विद्या.

१९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात, आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, पहिले प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी दोन क्रिया निवडल्या. एक उड्डीयान, दुसरी नौली. हे प्रयोग कळावयास हवे असतील तर आपल्या धडाची रचना आधी थोडी समजून घेतली पाहिजे.

धडाच्या आत एकावर एक अशी दोन दालने आहेत. वरच्या दालनास छातीची पोकळी म्हणतात. बरगड्यांच्या बारा जोड्या, मागे पाठीचा कणा आणि पुढे उरोस्थी मिळून त्याचा पिंजरा बनतो, आणि त्या पिंजऱ्यात दोन फुप्फुसे व त्यांच्यामध्ये हृदय सुरक्षित राहते. खालचे दालन ते उदर. त्यात जठर, यकृत, प्लीहा, स्वादुपिंड आणि लहान व मोठे आतडे असतात. मूत्रपिंडे त्याच्या मागच्या भिंतीस टेकलेली असतात. लहान आतडे उलगडले तर ते सुमारे सहा मीटर भरते. मोठे आतडे जाडीला अधिक, परंतु लांबीला दीड मीटरच्या आसपास. या दोन दालनांमध्ये स्नायूचा एक पातळ, घुमटासारखा वर फुगलेला पडदा आहे. त्याचे नाव मध्यपटल. आपण श्वास आत घेतो तेव्हा हा घुमट खाली उतरून सपाट होतो, छातीची पोकळी वाढते आणि फुप्फुसांत हवा भरते. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घेतला तर पोट किंचित पुढे आलेले कळते. ते खाली उतरणाऱ्या मध्यपटलाने उदरातील अवयवांना दाबल्यामुळे.

उड्डीयानात याच्या अगदी उलट घडवून आणतात. साधक श्वास पूर्णपणे बाहेर सोडतो, आणि हवा आत येऊ न देता छातीचा पिंजरा असा फुलवितो की जणू तो श्वास घेतच आहे. पोट खोल आत जाते आणि बरगड्यांखाली मोठी पोकळी दिसू लागते. नौली ही त्याच्या पुढची पायरी होय. पोटाच्या पुढच्या बाजूस, बेंबीच्या दोन्ही अंगांस, छातीच्या पिंजऱ्यापासून कटीच्या हाडापर्यंत उभे उतरणारे दोन लांब स्नायू आहेत. त्यांना उदराचे सरळ स्नायू म्हणतात. पोट आत खेचलेले असतानाच नौली करणारा हे दोन स्नायू दोरखंडासारखे पुढे उभे करतो, आणि सराव झाला म्हणजे ते डावीकडे-उजवीकडे फिरवितो. पाहणाऱ्यास वाटते, पोटात एखादा प्राणीच हालत आहे. (या दोन्ही क्रिया जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीवाचून करावयाच्या नाहीत, आणि जेवण झालेले असताना तर मुळीच नाहीत, हे येथेच सांगून ठेवतो. वर्गात एखादा तरी विद्यार्थी प्रयत्न करून पाहतोच!)

बाहेरून दिसणारा हा प्रकार आतून कसा दिसतो हे पाहण्याचे साधन तोवर नवे होते. १८९५ साली जर्मनीत राँटगेन या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला, आणि आपल्या पत्नीच्या हाताच्या हाडांचे छायाचित्र घेऊन जगाला चकित केले. हाडांतून हे किरण सहज पार होत नाहीत, म्हणून त्यांची छाया स्पष्ट उमटते. आतड्यांसारखे मऊ अवयव मात्र त्यात नीट दिसत नाहीत. त्यांसाठी क्ष-किरणांना अडविणाऱ्या एखाद्या क्षाराचे मिश्रण आधी पोटात द्यावे लागते. मग त्या क्षाराची छाया म्हणजेच आतड्याची आकृती. गुणे यांनी याच साधनाचा आश्रय घेतला. साधकाने श्वास बाहेर रोखून धरावा, क्रिया साधावी, आणि श्वास पुन्हा घ्यावा लागण्यापूर्वीच्या मोजक्या क्षणांत छायाचित्र उमटावे, अशी ती कसरत होती. उड्डीयानात मध्यपटल छातीच्या बाजूस उंच चढलेले दिसले. हजारो वर्षे नव्हे, तरी शेकडो वर्षे तोंडी शिकविली जाणारी एक क्रिया आता कोणालाही उजेडासमोर धरून पाहता येईल अशा रूपात हाती आली होती.

यापुढचा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मोठ्या आतड्याच्या शुद्धीसाठी बस्ती नावाची एक जुनी योगक्रिया आहे. तीत साधक पाण्यात बसून नौली करतो आणि नळीवाटे पाणी आतड्यात वर चढते. पाणी चढते एवढे साधकांना ठाऊक होते. परंतु पाणी आपोआप उंच चढत नसते. ते चढावयास काही कारण पाहिजे. होळीच्या पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की पाणी आत शिरते, कारण आतील दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास आत लोटतो. तसेच काही येथे घडत असेल काय? गुणे यांनी दाबमापक यंत्र लावून मोठ्या आतड्यातील दाब मोजला. नौलीच्या वेळी तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली उतरतो असे आढळले. म्हणजे पिचकारीचेच तत्त्व; मात्र येथे दट्ट्याचे काम उदराचे स्नायू आणि मध्यपटल करीत होते. या निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या दिवंगत गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास यांचे नाव दिले. गुरुदक्षिणेचा हा प्रकार नवा होता.

एवढे झाल्यावर या कामासाठी स्वतंत्र स्थान हवे, हे स्पष्ट झाले. मुंबई आणि पुणे या दोन मोठ्या शहरांच्या मध्ये, आगगाडीच्या वाटेवर, परंतु शहराच्या गजबजाटापासून दूर असे लोणावळे त्यांनी निवडले. १९२४ च्या ऑक्टोबरात तेथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन झाली. कैवल्य म्हणजे मोक्ष. त्या नावाच्या घरात क्ष-किरणांची चित्रे, पाऱ्याच्या नळ्या आणि मोजमापांच्या वह्या नांदू लागल्या, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना विलक्षण वाटली असली पाहिजे. याच सुमारास गुणे हे कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. कुवलय म्हणजे निळे कमळ.

संस्थेबरोबरच योगमीमांसा नावाचे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. त्यात प्रयोगांची हकीकत छायाचित्रांसह आणि आकड्यांसह छापली जाई. मासिक निघत राहिले, मधून मधून त्यात खंडही पडला. परंतु जेथे गुप्ततेचा रिवाज होता तेथे त्यामुळे सगळे उघड्यावर आले. प्रयोग कसा केला हे छापले म्हणजे दुसऱ्यालाही तो करून पाहता येतो, आणि आपले चुकले असेल तर ते दाखविता येते. आसनांच्या वेळी रक्तदाब किती चढतो-उतरतो, हेही त्यांनी मोजले. तुमच्या बाहूस पट्टा बांधून डॉक्टर जे मोजतात तोच हा रक्तदाब: हृदयातून निघालेले रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो रेटा देते तो.

योगाच्या ग्रंथांतील शब्द आणि शरीरशास्त्रातील शब्द यांचा मेळ घालणे हे या कामातील एक अवघड अंग होते. नाडी हाच शब्द घ्या. वैद्य मनगटावर बोटे ठेवून पाहतो ती नाडी म्हणजे धमनीचा ठोका. योगग्रंथांतील इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या त्याहून निराळ्या. कोणी त्यांना मज्जातंतू समजतो, कोणी रक्तवाहिनी, आणि शरीर उघडून पाहणाऱ्यास तर त्या जशाच्या तशा कोठेच सापडत नाहीत. आणि विजारीची नाडी ती आणखी वेगळीच! एका शब्दाखाली इतके अर्थ दडले असले म्हणजे वाद घालणे सोपे होते व शोध घेणे कठीण.

याहूनही मोठा घोटाळा प्राण या शब्दाने केला आहे. हवेतील ज्या वायूवाचून आपण जगू शकत नाही, त्यास मराठीत प्राणवायू असे सुरेख नाव मिळाले. पण त्यामुळे प्राणायाम म्हणजे अधिकाधिक प्राणवायू शरीरात भरून घेणे, असा समज मराठी माणसाच्या मनात सहजच दृढ होतो. पाश्चात्त्य देशांतही दीर्घ श्वसनाविषयी असेच बोलले जाई. कुवलयानंदांना हा समज उचलून धरणे किती सोयीचे झाले असते! प्राणायामाचा प्रसार करावयाचा, आणि हाताशी असे सोपे, लोकांना पटणारे कारण. परंतु त्यांनी श्वासातून घेतला जाणारा प्राणवायू आणि बाहेर टाकला जाणारा कर्बवायू प्रत्यक्ष मोजला. त्या मोजमापांनी त्या समजास पाठिंबा दिला नाही. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, ते अन्यत्र शोधले पाहिजे, असे त्यांनी उघडपणे मांडले.

याचे कारण आज आपल्याला अधिक चांगले सांगता येते. फुप्फुसांत द्राक्षांच्या घोसांसारखे असंख्य वायुकोश असतात. त्यांच्या भोवती केसांहूनही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते, आणि तेथेच रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू उचलतात. निरोगी मनुष्याच्या साध्या श्वासातही या पेशी शेकडा पंच्याण्णवाहून अधिक भरलेल्या असतात. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतून कितीसे मावणार? कुवलयानंदांच्या नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांचे आकडे सर्वच बाबतींत एकसारखे आले असे मात्र नाही. कोवूर बेहनन नावाचे एक भारतीय विद्यार्थी अमेरिकेतील येल विद्यापीठातून लोणावळ्यास येऊन कुवलयानंदांपाशी योग शिकले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवर प्रयोग केले, तेव्हा प्राणायामाच्या वेळी प्राणवायूचा खर्च काही प्रमाणात वाढलेला त्यांना आढळला. त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. अशी मोजमापे परस्परांशी ताडून पाहता आली, याचे बरेचसे श्रेय लोणावळ्याच्या त्या वह्यांना आहे.

कुवलयानंदांचे प्रत्येक अनुमान खरे ठरले असे समजण्याचे कारण नाही. गळ्यात, श्वासनळीच्या पुढे, फुलपाखराच्या आकाराची अवटु नावाची ग्रंथी असते. तिच्यातील स्राव शरीराच्या वाढीवर आणि उष्णतेवर ताबा ठेवतो. सर्वांगासनात हनुवटी छातीस टेकते, तेव्हा या ग्रंथीस अधिक रक्त मिळून ती सुधारते, असे त्यांचे मत होते. ते आजवर पुरेशा प्रयोगांनी सिद्ध झालेले नाही. त्या काळी अंतःस्रावी ग्रंथींचा शोध नुकताच कोठे पुढे सरकत होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

लोणावळ्याच्या या आश्रमाची कीर्ती हळूहळू देशभर पसरली. १९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती अतिश्रमाने फार बिघडली, तेव्हा त्यांनी आसनांच्या बाबतीत कुवलयानंदांचा सल्ला घेतला. स्वतःच्या देहावर आहाराचे आणि उपचारांचे प्रयोग करण्याची गांधीजींना आवड होतीच. त्यामुळे प्रयोगांवर विश्वास ठेवणारा हा योगी त्यांना जवळचा वाटला असल्यास नवल नाही. आसन आणि प्राणायाम या विषयांवरील कुवलयानंदांची पुस्तके १९३१ च्या सुमारास बाहेर पडली. १९३२ साली मुंबईत कैवल्यधामाची शाखा निघाली आणि पुढे ती चौपाटीनजीक मरीन ड्राइव्हवर गेली. मुंबई सरकारने शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समित्यांवरही त्यांनी काम केले. शाळेच्या पटांगणावर एका वेळी पुष्कळ मुलांना करता येतील असे योगव्यायाम त्यांनी बसविले. आज तुम्ही कवायतीच्या तासास रांगेत उभे राहून ताडासन किंवा वृक्षासन करता; एके काळी ही आसने गुहेत राहणाऱ्या योग्यांची समजली जात.

स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले. १९६० नंतरच्या वर्षांत तेथेच योगोपचारांचे रुग्णालयही सुरू झाले. दमा, बद्धकोष्ठ यांसारख्या जुनाट तक्रारी असलेले लोक तेथे येत, आणि त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या जात. परदेशी शास्त्रज्ञांचे पायही इकडे वळले होते. १९५७ साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक मेंदूच्या व हृदयाच्या हालचाली टिपणारी यंत्रे बरोबर घेऊन अमेरिकेतून भारतात आले, अनेक महिने हिंडले, आणि त्या फेरीत लोणावळ्यासही राहिले. काही योगी आपले हृदय इच्छेनुसार थांबवितात अशी ख्याती होती. ती त्यांनी निरनिराळ्या ठिकाणी तपासली. साधकाने श्वास रोखून छातीचे व पोटाचे स्नायू घट्ट आवळले की मनगटाची नाडी लागेनाशी होई, छातीला नळी लावूनही ठोके ऐकू येत नसत. यंत्राच्या कागदावरील रेषा मात्र हृदय चालूच असल्याचे सांगत होती. छातीतील दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी झाले होते, एवढेच. ज्याने हृदय थांबल्याचे ऐकले होते त्याची थोडी निराशा झाली असेल. परंतु स्नायूंच्या बळावर नाडी दिसेनाशी करता येते, ही गोष्ट काय कमी नवलाची आहे?

कुवलयानंदांची राहणी अखेरपर्यंत साधी राहिली. दारिद्र्यात वाढलेल्या या माणसाने संस्थेसाठी श्रीमंतांकडून देणग्या मिळविल्या, परंतु स्वतःसाठी संसार मांडला नाही. विद्यार्थिदशेत केलेला निश्चय त्यांनी मोडला नाही. मावळातील पाऊस तर प्रसिद्धच आहे. जून लागला की लोणावळ्यात चार महिने धुके, ओल आणि भिंतींवर बुरशी. अशा हवेत कागद आणि यंत्रे सांभाळून काम चालू ठेवणे हे सोपे नव्हे, हे तेथे एक पावसाळा काढलेल्या कोणासही कळेल.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा वाहिली. कैवल्यधाम लोणावळ्यास अद्यापि उभे आहे, आणि तेथे योग शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांना आसनांबरोबर हाडांची, स्नायूंची व ग्रंथींची नावेही पाठ करावी लागतात.